बठेल शेतस, त्यासले देख

मार्चअखेर जिनिंगचा सीझन आटोपला की मी रिकामा होतो. दिवाळीपासून काट्यावर बसून कापसाच्या गाड्यांची वजनं करायची, पावत्या फाडायच्या, शेतकऱ्याच्या डोळ्यांतला भावाचा प्रश्न टाळायचा. मग एक दिवस शेवटचा ट्रॅक्टर जातो, यंत्रं थांबतात आणि कानांत इतकी शांतता भरते की घरी झोप लागत नाही. गेल्या वर्षी त्या शांततेत मी कॅमेरा घेतला.

अमळनेरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं नवा मिररलेस कॅमेरा घेतला होता आणि त्याचा जुना कॅनन १५००डी दोन लेन्ससकट विकायला काढला होता. एक १८-५५ एमएमची, दुसरी लांबचं जवळ आणणारी ५५-२५०. काय काढायचं हे तेव्हाच ठरलेलं होतं. माझी पुतणी आठवीत आहे, खो-खो खेळते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या मुली आणि मुलं, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. आमच्या बोरी नदीकाठच्या गावात मुलींनी तो सामना एका मोबाईलभोवती घोळका करून पाहिला. त्या आठवड्यात मैदानावर येणाऱ्या पोरी अकराच्या सव्वीस झाल्या. त्यांचा फोटो कोणी तरी काढायला हवा, असं मला मनापासून वाटलं. सामन्यांचे फोटो निघतात, ढाल हातात धरून ओळीत उभं राहिल्याचे तर निघतातच. सकाळी सहाला उठून काळ्या मातीत गुडघे फोडून घेणाऱ्यांचे कोणी काढत नाही.

पहिल्या दिवशी मी साडेपाचशे फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर बघितले, तर साडेपाचशे पाठी. पळणाऱ्या पोरीची पाठ, तिच्यामागे धावणाऱ्या पोरीची पाठ, अर्धी वेणी, चौकटीबाहेर जाणारा एक पाय. जे चेहरे आले होते ते पुसल्यासारखे. तेव्हा मला शटरचा हिशेब माहीत नव्हता. पुढे काट्यावरच्या माणसासारखाच तो कागदावर मांडला, तेव्हा डोक्यात बसला. चांगली पळणारी मुलगी सेकंदाला सहा मीटर जाते असं धरलं, तर एक साठांश सेकंद शटर उघडं राहिलं की ती तेवढ्यात दहा सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. म्हणजे नाक, डोळे, ओठ सगळं एकमेकांत मिसळणार. एक हजारांश ठेवलं तर सरकते फक्त सहा मिलिमीटर. मग चेहरा चेहऱ्यासारखा राहतो.

हा झाला यंत्राचा भाग. तो आठ दिवसांत सुधारला. पाठी मात्र येतच राहिल्या.

मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली एक आबा रोज येऊन बसतात. तरुणपणी खो-खो खेळलेले. आता गुडघे गेलेत, पण सकाळचा सराव चुकवत नाहीत. कधी बोलत नाहीत, ओरडत नाहीत, नुसते बघतात. मी आठ-दहा दिवस मैदानाभोवती कॅमेरा घेऊन पळापळ करत होतो, ते त्यांनी पाहिलं असणार. एके दिवशी जवळ बोलावलं.

"भाऊ, तू पयनारना मांगे पयी ऱ्हायना. तठे काय सापडी? ज्या बठेल शेतस, त्यासले देख."

पळणाऱ्यामागे पळू नको, बसलेत त्यांच्याकडे बघ. मी हसून मान हलवली आणि परत पळणारीकडे वळलो. अर्थ लागायला आणखी दोन-तीन सकाळी गेल्या.

खो-खो ज्यांनी खेळलाय त्यांना हे सांगायची गरज नाही. पण नुसतं बघणाऱ्याचा डोळा पळणाऱ्यांवर असतो, हे खरं. मैदानावर पाठलाग करणाऱ्या नऊ जणी. त्यांतल्या आठ दोन खांबांच्या मधल्या पाटीवर, म्हणजे आखलेल्या पट्ट्यावर, ओळीनं बसलेल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, वेणीच्या पेडांसारख्या डाव्या-उजव्या. उभी फक्त एक. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही. पळणारीला मात्र सगळं मोकळं, ती दोघींच्या मधून सटकून पलीकडे जाते. मग उभी असलेली काय करते? बसलेलीच्या पाठीवर हात मारून "खो" म्हणते, तिच्या जागी स्वतः बसते आणि नवी मुलगी तिरासारखी सुटते. पळणारीला पकडतात त्या बसलेल्या. कोणीही एकटी पळून पकडत नाही. पळणारी जिथे जाणार, त्या जागेच्या जवळची बसलेली उठते.

मी कॅमेरा घेऊन एकट्यानं पाठलाग करत होतो.

मग मी बसलो. खांबामागच्या मोकळ्या जागेच्याही पलीकडे, कोणाच्या पायात येणार नाही असा, मांडी घालून, कॅमेरा मुलींच्या डोळ्यांच्या उंचीवर. आणि बसलेल्यांकडे पाहायला लागलो. जे दिसलं ते मी इतके दिवस पाहिलंच नव्हतं. बुलेट पद्धतीनं बसलेलीचा एक पाय पुढे, एक मागे. मागच्या पायाचा चवडा मातीत रुतलेला, टाच हवेत. दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकलेली, पण वजन बोटांवर नाही, नुसता स्पर्श. मान वळलेली. नजर पळणारीवर नाही, दोन घरं, म्हणजे बसायचे चौकोन, सोडून येणाऱ्या आपल्याच गड्याच्या खांद्यावर. पोटरीचा स्नायू सारखा लहान लहान हलत असतो. वरवर सगळं स्थिर, आतून सुटायच्या बेतात. अंगावर माशी बसली तरी हात हलत नाही.

त्या स्थिर बसलेल्या पोरींचे फोटो माझे पहिले खरे फोटो. त्यांत कोणी पळत नाही, तरी बघणाऱ्याला कळतं की आता काही तरी होणार.

पुढची पायरी उठण्याची. इथे मी फार दिवस अडलो. माझा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो. बोट दाबून धरलं तरी दोन फोटोंच्या मध्ये जवळजवळ तिसरा हिस्सा सेकंद जातो आणि उठण्याचा तो क्षण नेमका त्या फटीत पडतो. म्हणून एकच फोटो, योग्य वेळी. वेळ कशी ओळखायची? मला वाटलं, "खो" ऐकला की दाबायचं. पण आवाज कानावर येऊन बोट हलेपर्यंत जवळपास पाव सेकंद जातो. तोवर मुलगी चौकटीच्या काठावर पोचलेली असते. खेळणाऱ्यांना खो मिळायच्या आधी उठता येत नाही, उठलं तर फाऊल. मला मात्र खो व्हायच्या आधीच दाबावं लागतं. मग मी कान बंद केले आणि हात बघायला लागलो. खो देणारी दोन पावलं आधी हात किंचित पुढे आणते, खांदा उतरवते. खांदा उतरला की दाबायचं. दहांत दोनदा जमतं. जमतं तेव्हा एकाच फोटोत दोघी येतात, एकीचा हात दुसरीच्या पाठीवर, बसणारी अजून बसलेली नाही, उठणारी अजून उठलेली नाही. मी कधीही हा फोटो काढून कंटाळणार नाही.

खांबाचं तंत्र त्यापेक्षा सोपं निघालं. खांबाजवळ पळणारीला वळावंच लागतं आणि पाठलाग करणारी एका हातानं खांब धरून अंग झोकून देते. सूर मारते. कॅमेऱ्याचा फोकस धुळीत चाचपडतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून आधीच खांबावर फोकस लावायचा, तो हाती चालवायच्या बाजूला करून टाकायचा आणि थांबायचं. दहा मिनिटं काही होत नाही. मग अर्ध्या सेकंदात सगळं होतं.

सूर मारतानाचा असाच एक फोटो निघाला आणि त्यातून घडलं ते मला सांगायलाच हवं.

लाल रिबीन बांधणारी एक मुलगी आहे, संघातली सगळ्यात लहान. मे महिन्यातल्या एका सकाळी तिनं खांबावरून असा सूर मारला की पूर्ण अंग जमिनीला समांतर. फोटो लख्ख आला होता, धुळीचा कण न् कण दिसत होता. तोंड उघडं, दातांवर माती, डोळे आवळलेले. मला तो आनंद आवरला नाही. मी तो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत कोणी तरी तिचा चेहरा कापून स्टिकर केलं होतं आणि ते पोरांमध्ये फिरत होतं. दुसऱ्या दिवशी ती मैदानावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

सराव घेणाऱ्या सरांनी मला एक शब्द विचारला नाही. ते त्याहून कठीण गेलं. मी चौथ्या दिवशी तिच्या घरी गेलो. आई ओट्यावर गहू निवडत होती. मुलगी आत होती, बाहेर आली नाही. आईनं पाणी दिलं, बस म्हणाली, आणि सूप खाली न ठेवता म्हणाली, "फोटो चांगला शे भाऊ. पन तिले ईचारानं व्हतं."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, आजही नाही. मी दाराकडे तोंड करून माफी मागितली आणि परत आलो. ग्रुपवरून फोटो काढला, ज्यांनी स्टिकर केलं त्या पोरांच्या घरी सर स्वतः गेले. पण सुटलेली गोष्ट परत गोळा होत नाही. सहाव्या दिवशी ती आली. रिबीन नव्हती.

त्यानंतर मैदानावरचा नियम बदलला. सराव संपला की मुली माझ्याभोवती बसतात आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो बघतात. जिचा फोटो ती म्हणाली नको, तर तिच्यासमोर तिथल्या तिथे पुसायचा. गावात काही द्यायचं असेल तर तिला आणि तिच्या घरच्यांना विचारून. हे आधीपासूनच करायला हवं होतं.

या बसण्यातून मला एक शिक्षण मिळालं जे कुठल्याही व्हिडिओत मिळालं नसतं. कापसासारखी फोटोंचीही वेचणी करावी लागते, हे मला ठाऊक होतं. कवडी बाजूला, चांगला कापूस बाजूला. पण माझी वेचणी आणि मुलींची वेचणी वेगळी निघाली. मी म्हणायचो, हा बघ, काय उजेड आलाय. ती म्हणायची, "काका, पुसा तो. माझा खांदा फिरलाय, फाऊल आहे." मला सुंदर वाटणाऱ्या एका फोटोत बसलेली मुलगी खो मिळायच्या आधीच टाच सोडून उठली होती. सगळ्या जणींनी एका नजरेत पकडलं. मी तो चाळीस वेळा पाहिला होता, मला दिसलं नव्हतं. आता सर अधूनमधून म्हणतात, भाऊ, आज सगळ्यांचे मागचे पाय काढा. मग मी पूर्ण सकाळ नुसते पाय काढतो. त्या दिवशीचा एकही फोटो भिंतीवर लावण्यासारखा नसतो, पण त्या पायांवर सर अर्धा तास बोलतात आणि मला वाटतं, हा कॅमेरा घेतल्याचं सार्थक झालं.

सुरुवातीला काही जणी हळूच म्हणायच्या, "काका, जरा गोरं करून द्या ना." मोबाईलनं त्यांना ती सवय लावलीय. खरं म्हणजे दोष त्यांच्या रंगाचा नव्हता, माझ्या हाताचा होता. सकाळच्या तिरप्या उन्हात मागची धूळ चकाकते, कॅमेरा त्या उजेडाला भुलून सगळं चित्र काळोखं करतो आणि चेहरे काळवंडतात. कॅमेऱ्यात उजेडाची भरपाई एक पायरी वर नेली आणि त्यांचे चेहरे जसे आहेत तसे, तांबूस काळे, घामानं तुकतुकीत दिसू लागले. ते पाहिल्यावर गोरं करायची मागणी आपोआप थांबली.

खानदेशात उन्हाळ्याचा सराव म्हणजे उजेडाशी करार. मे महिन्यात जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो. ऊन डोक्यावर आलं की कपाळाची सावली डोळ्यांवर पडून चेहऱ्यात दोन खड्डे दिसतात. तेव्हा कॅमेरा बंद करावा आणि पोरींना पाणी द्यावं. संध्याकाळी साडेसहानंतर दुसरी अडचण. माझी मोठी लेन्स पूर्ण लांब केली की तिचं उजेड घेणारं छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठं उघडत नाही (इथे आकडा लहान तेवढं छिद्र मोठं). पुढे मी जळगावहून ५० एमएमची १.८ वाली जुनी लेन्स आणली. ती ५.६ च्या साडेनऊपट उजेड आत घेते, म्हणून सूर्य टेकल्यावरही वीस मिनिटं काम करता येतं. फक्त जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर आधी मैदानावरच्यांनी तुम्हाला आपलं मानावं लागतं. लेन्स बदलायची तर वर्गात जाऊन, दार लावून. मैदानावर बदलली तेव्हा आत शिरलेली धूळ महिनाभर प्रत्येक फोटोतल्या आभाळावर काळे ठिपके होऊन बसली होती.

पावसाळ्यात सराव थांबला, काळी माती पायाला किलोकिलोनं चिकटायला लागली. त्या दिवसांत मी एसटीनं चाळीसगावला गेलो, केकी मूस यांचं घर बघायला. १९१२ साली जन्मलेले हे पारशी गृहस्थ चाळीसगावात राहून, वर्षानुवर्षं घराबाहेर जवळपास न पडता, जगभर नाव मिळवणारे फोटो काढत राहिले. १९८९ च्या शेवटच्या दिवशी गेले. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यांतून अख्खा देखावा उभा करायचा, ही त्यांची खासियत. मी खेळाचे फोटो शिकणारा माणूस, तिथे जाऊन मला काय मिळणार, असं निघताना वाटलं होतं. पण एकेका फोटोसमोर उभं राहिल्यावर बराच वेळ हलावंसं वाटेना. टेबलावरची ती वस्तू कुठेही जाणार नव्हती, पळणार नव्हती, तिच्यासाठी शटरची घाई नव्हती. आणि तरीही त्या माणसानं तिच्याकडे असं पाहिलं होतं, जणू ती एवढ्यात उठेल. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर कपाशी भिजत होती आणि मला सारखे आठवत होते ते आमच्या आबांचे शब्द.

दसऱ्याच्या आसपास मैदान सुकलं. सरांनी आणि मुलींनी मिळून मुरूम टाकला, पाणी मारलं, रोलर फिरवला. पहिल्या दिवशी माती अजून थोडी ओलसर होती, पाटीवर चुन्याच्या रेघा ताज्या होत्या. दोन तास सराव झाला. मी पळणारीचे फारसे काढले नाहीत. जिल्ह्याच्या स्पर्धा जवळ आल्या होत्या, मुली गप्प होत्या आणि बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर एक वेगळी ओढ होती, तीच काढत राहिलो.

सगळ्या गेल्यावर आबा काठी टेकत उठले, निघाले. मी कॅमेरा पिशवीत घालणार तेवढ्यात नजर पाटीवर गेली. ऊन अजून तिरपं होतं. आठही घरांत बसलेल्यांच्या खुणा उमटल्या होत्या. पुढच्या पायाचा उथळ ठसा, मागच्या चवड्याचा खोल खड्डा, दोन्ही बाजूंना बोटांचे टोक टेकल्याचे बारीक ठिपके. प्रत्येक घरातली खूण वेगळी. एकीचा खड्डा तिरका, एकीनं जागा न आवडून दोनदा पाय रोवलेला. मी पोटावर झोपलो, लेन्स जमिनीला लागेल इतकी खाली आणली आणि एकेक घर काढत गेलो.

मागून चपलांचा आवाज आला. लाल रिबीनवाली परत आली होती, खांबाजवळ राहिलेली पाण्याची बाटली घ्यायला. रिबीन पुन्हा होती. ती माझ्याजवळ येऊन थांबली, मी काय काढतोय ते वाकून पाहिलं. मग पाटीवरून चालत न जाता, रेघेच्या बाहेरून, एकेक घर बघत पुढे गेली आणि खांबापासूनच्या तिसऱ्या घराशी उकिडवी बसली.

"काका, हा माझा," ती म्हणाली. "उजवा खोल आहे बघा. याचा काढा."

मी सरकत तिथवर गेलो. तिनं वरची वाळलेली काडी दोन बोटांनी उचलून बाजूला टाकली आणि ठशावर आपली सावली पडू नये म्हणून मागे सरकली.